खाल्लेली वाळू

कप्तानाने नकाशावर जिथे बोट टेकवलं होतं, तिथेच वाटाड्या अमारोने आपला ओला तळहात पसरून ठेवला.

असं कुणी करत नसे. कप्तान डॉन गास्पार उर्रुतियाचं बोट नकाशावर टेकलं की जहाज तिथे आहे असं मानायचं, ही 'सांता तेक्ला' फ्रिगेटवरची रीत होती, आणि ती सगळ्यांच्याच सोयीची होती. आता मात्र ते बोट, फिनिस्तेर्रेचं भूशिर आणि त्याच्या वरचा सगळा खडकाळ किनारा एका म्हाताऱ्या हाताखाली झाकला गेला.

"हात उचल," डॉन गास्पार म्हणाला.

"उचलतो, साहेब. पण एवढ्यात दक्षिणेला वळू नका. अजून जरा पश्चिमेला जाऊ द्या."

"जरा म्हणजे किती?"

"वाळूच्या दोन काचा. कदाचित तीन."

"कारण?"

अमारोने हात उचलून कोटाला पुसला. नकाशावर पाच बोटांचा ओला ठसा राहिला. कारण त्याच्यापाशी होतं. ते सांगायची सोय नव्हती.

टेबल सुकाणूच्या मागे, छपराखाली, दोरांनी जखडून ठेवलेलं होतं. भर दुपार होती, निदान अर्ध्या तासाची वाळूची काच तसं म्हणत होती. बाहेर सगळं राखेच्या रंगाचं होतं. ईशान्येचा वारा पाठीवर होता, ढग डोलकाठ्यांच्या टोकांना टेकले होते, आणि जहाजाच्या नाकापुढे शंभर पावलांवरचंही दिसत नव्हतं. टेबलाभोवती कप्तान, अमारो आणि दोन लेफ्टनंट उभे होते. पुढे सुकाणूवर बासिलिओ होता. त्याची पाठ त्यांच्याकडे होती, आणि कानही.

"साधा गुणाकार आहे," डॉन गास्पार म्हणाला. संयमाने बोलायचं ठरवलं की तो शब्दागणिक थांबत असे, आणि ते ओरडण्यापेक्षा वाईट असे. "काल पहाटे चारला सांतान्देर सोडलं. बत्तीस तास झाले. दर तासाला दोरा टाकून वेग मोजला. आठ मैल, कधी जरा वर, कधी जरा खाली. बत्तीस आठे?"

"दोनशे छप्पन," थोरला लेफ्टनंट फाद्रिके मोंतिएल म्हणाला. तो कादिझचा होता आणि थंडीकडे वैयक्तिक अपमान म्हणून बघत असे. "माझ्या धाकट्या बहिणीलाही येतं, अमारो. तिला तर अजून दोन दात यायचेत."

"गुणाकार बरोबर आहे, साहेब."

"मग वेग चुकला?"

"वेग पण बरोबर आहे."

यानंतर गुणाकारात उरतं काय, ते टेबलाभोवतीच्या प्रत्येकाला कळत होतं. उरत होते फक्त तास.

कप्तानाचा बेत धाडसी होता, आणि धाडसी बेतांप्रमाणेच त्याला रुंदी नव्हती. काल संध्याकाळी सार्डिन मासे धरणाऱ्या एका होडीने ओरडून खबर दिली होती: दोन मोठी इंग्रजी लढाऊ जहाजं किनाऱ्यापासून दहा मैलांवर वरखाली घिरट्या घालतायत. 'सांता तेक्ला'च्या पोटात कादिझच्या आरमारासाठी तोफांच्या दारूची चारशे पिंपं होती, आणि अंगावर दोनशे सत्तर माणसं. एवढी दारू पोटात घेऊन कुणी लढत नाही. म्हणून डॉन गास्पारने ठरवलं होतं, की तोरिन्यानाच्या खडकापासून चारच मैल ठेवून, इंग्रज आणि किनारा यांच्या मधल्या फटीतून, याच धुक्यात खाली सरकायचं.

"इंग्रज त्या खडकांना भितो," काल जेवताना तो म्हणाला होता. "आपण का भ्यायचं? खडक आपले आहेत."

वळण लवकर घेतलं तर आपल्या खडकांवर, उशिरा घेतलं तर इंग्रजाच्या तोफांपुढे. तळाची खोली मोजून बघावी, तर शंभर वावांचा दोर सकाळीच शिशासकट लाटेने नेला होता. कप्तानाच्या खिशातलं सोन्याचं घड्याळ आठवड्यापूर्वी सूपमध्ये पडल्यापासून फक्त शोभेला होतं. उरली होती ती काच.

"साहेब," अमारो म्हणाला, "आज उजाडायला उशीर झाला."

"आपण पश्चिमेला चाललोय. सूर्य उशिरा उगवणारच. हे मी तुला शिकवायचं?"

"पश्चिमेमुळे वीस मिनिटं, साहेब. आज काचेप्रमाणे पावणेनऊला उजाडलं. तास-सव्वा तास उशीर झाला."

"सूर्य पाहिलास तू?"

"नाही. ढग उजळले."

"ढग," फाद्रिके म्हणाला. "कप्तानसाहेब, याने ढगाची साक्ष काढलीय. ढगाला शपथ कोण घालणार?"

पण हसताना त्याचा डावा हात कमरेच्या तलवारीच्या मुठीवर गेला होता, आणि पुढचं वाक्य त्याने अगदी हळू आवाजात उच्चारलं.

"वीस मिनिटं पश्चिमेने नेली. बाकीची कुणी नेली, अमारो? नाव घे की."

अमारोने नाव घेतलं नाही. वाटाड्याच्या कोटाला सोनेरी किनार नसते. तो नकाशे वाचतो, आकडे मांडतो, जहाज कुठे आहे ते सांगतो. पण जेवायला अधिकाऱ्यांच्या टेबलावर बसत नाही. पाच वर्षांपूर्वी त्याच्याच गावच्या एका वाटाड्याने एका खानदानी लेफ्टनंटचा पहारा वेळेआधीच संपत असल्याचं नोंदवहीत लिहिलं होतं. त्या गृहस्थाच्या अब्रूला धक्का लावल्याबद्दल त्याला पाच महिने कोठडी झाली. त्याचं म्हणणं खरं होतं हे जहाज खडकावर चढल्यावर सिद्ध झालं. तेव्हाही तो कोठडीतच होता.

"मी कुणाचं नाव घेत नाही," अमारो म्हणाला. "मी फक्त आणखी दोन काचा मागतोय."

"कारणाशिवाय मी तुला वाळूचा कणही देणार नाही," डॉन गास्पार म्हणाला. "आणखी दोन काचा म्हणजे आणखी आठ मैल. तुझं चुकलं तर इंग्रजाच्या दारात जाऊन 'आम्ही आलोय' म्हणायचं. बासिलिओ! सारंगाला सांग, माणसं दोरांवर घ्या. वळायचंय."

टेबलाच्या कडेला धाकटा लेफ्टनंट लेआंद्रो किरोगा इतका वेळ नुसता उभा होता. सव्वीस वर्षांचा, लुगोकडचा. घरी कुलचिन्ह दारावर कोरलेलं आणि दार मोडलेलं. कप्तानाच्या मेजाच्या खणात त्याच्या बढतीचं शिफारसपत्र होतं. लिहून तयार, फक्त सही व्हायची होती, आणि ती कादिझला पोचल्यावर व्हायची होती. काल रात्री आठ ते बारा पहारा त्याचा होता. वारा कोटातून आरपार जात होता. बासिलिओने त्याच्याकडे एकदा पाहिलं होतं, लेआंद्रोने समुद्राकडे पाहिलं होतं, आणि वर दोन मिनिटांची वाळू शिल्लक असताना काच उलटली गेली होती. मग पुढचीही. आणि त्याच्या पुढचीही.

याला वाळू खाणं म्हणत. काच अर्ध्या तासाची; आठ वेळा उलटली की चार तासांचा पहारा संपतो आणि माणूस खाली उबेला जातो. थंडीत सगळेच खात. खलाशी हाताने खात, अधिकारी दुसरीकडे बघून खात. त्यात कुणाचं काही जात नसे, कारण रोज दुपारी सूर्य डोक्यावर आला की वाटाडे तो मोजत आणि सगळ्यांची वेळ मुकाट्याने सरळ करून टाकत. सूर्य कुणाचं नाव घेत नसे. या खेपेला मात्र सूर्यच आला नव्हता. बत्तीस तासांतले काही तास तोकडे होते, आणि कप्तानाने त्या प्रत्येकाला आठ पूर्ण मैलांनी गुणलं होतं.

पुढे सारंगाची शिट्टी वाजली. डेकवर पावलं धावली. दोर ओढायला माणसं रांगेत उभी राहिली. त्यांतली बरीच याच किनाऱ्यावरची होती. खडकांपलीकडे कुणाची आई होती, कुणाची जाळी वाळत होती.

लेआंद्रोने उजव्या हाताचा हातमोजा काढला. मग तो डाव्या हातात धरला. मग टेबलावर ठेवला.

"माझ्या पहाऱ्यांत खाल्ली गेली, कप्तानसाहेब."

डॉन गास्पारने मान वळवली नाही. "काय?"

"वाळू."

वारा होता, लाटा होत्या, दोर कुरकुरत होते.  फाद्रिकेने मुठीवरचा हात काढून पाठीमागे नेला. अमारोने खाली पाहिलं, जणू कुणीतरी त्याच्यादेखत कपडे काढले होते.

"किती?" कप्तानाने विचारलं.

"वीस मिनिटं." लेआंद्रोने टेबलावरचा हातमोजा सरळ केला. "तिन्ही पहारे मिळून."

"शब्द देता?"

"शब्द."

त्याने वीस म्हटलं होतं. तीस हा आकडा जिभेपर्यंत आला होता. पण तीस म्हणजे अर्धा तास, म्हणजे अख्खी एक काच, आणि अख्खी काच खाणारा माणूस कसा दिसतो हे त्याला कप्तानाच्या डोळ्यांत पाहायचं नव्हतं. वीस ऐकायला बरं वाटत होतं. वीसला थंडीची सबबही पुरत होती.

"वा," फाद्रिके म्हणाला. "लुगोच्या माणसाची भूक बेताचीच."

"आणि कादिझच्या माणसाची?" डॉन गास्पारने विचारलं.

"साहेब, आमच्याकडे बर्फ म्हणजे काय ते लहान मुलांना चित्र काढून—"

"डॉन फाद्रिके."

फाद्रिकेचं हसू जिथल्या तिथे राहिलं, फक्त त्यातून तो निघून गेला. दोर धरून उभ्या असलेल्या माणसांकडे त्याने एकदा पाहिलं.

"वीस," तो म्हणाला.

"तुमचीही वीस?"

"माझीही वीस. शब्द."

अमारोने पाटी काढली आणि खडूने एकाखाली एक दोन आकडे मांडले. मग खडू तिसऱ्या ओळीवर टेकवून तसाच धरला. तिसरा लेफ्टनंट तापाने खाली पडला होता; त्याच्या जागी दोन पहारे कोणी केले होते, ते सगळ्यांना ठाऊक होतं. खडू हलेना. डॉन गास्पार त्या खडूकडे पाहत राहिला.

"माझ्या पहाऱ्यात कुणी काच लवकर उलटली नाही," तो म्हणाला. "बासिलिओ! उलटली का?"

"नाही साहेब," सुकाणूवरून उत्तर आलं. "एकदाही नाही. वाळूचा शेवटचा कण पडेपर्यंत थांबलो."

"ऐकलंस?"

"फक्त," बासिलिओ समोर बघतच म्हणाला, "काच साहेबांच्या कोटात होती."

"दमट हवेत वाळू गारठते. चिकटते. म्हणून मी ती अंगाशी धरली."

"हो साहेब. अजिबात गारठली नाही. पळत होती."

फाद्रिके खोकला आणि खोकतच राहिला. उबेने काचेची मान सैलावते आणि वाळू घाईने उतरते, हे जहाजावर नवा आलेला स्वयंपाकीही जाणून होता. डॉन गास्पारच्या कानांच्या पाळ्या लाल झाल्या. पण यावेळी बोलताना तो शब्दागणिक थांबला नाही.

"लिही वीस. साठ झाले. साठ म्हणजे दोन काचा. सारंगाला सांगा, माणसं तिथेच उभी राहू देत. दोन काचांनंतर वळू."

अमारोने साठ लिहिलं. तीन सारखे आकडे पाटीवर असे नीटनेटके बसले होते, की खऱ्या आयुष्यात आकडे तसे कधी बसत नाहीत. त्याने त्यांच्याकडे डोकं तिरकं करून पाहिलं.

"साहेब, थोडं वरचं धरू या. पंधरा-वीस मिनिटं..."

"कशाबद्दल?"

"आपलं... असंच."

"तीन माणसांनी शब्द दिलाय, अमारो," फाद्रिके म्हणाला. त्याचा आवाज आता मऊ होता, पण हात पुन्हा मुठीवर होता. "त्यातलं एक मिनिटही जास्त धरलंस, तर तिघांपैकी कोण खोटं बोललं तेही सांगावं लागेल."

अमारोने पाटी काखेत धरली. शब्द दिला जायच्या आधी माणसाकडून पाच-दहा मिनिटं मागता येतात, दिल्यानंतर नाही. त्याला ते माहीत होतं. लेआंद्रोलाही आत्ताच कळलं. तीस म्हणायची वेळ गेली होती. आता तीस म्हणणं म्हणजे मघाशी शब्द देऊन खोटं बोललो असं म्हणणं, आणि त्यानंतर कुठल्याच खणात त्याच्यासाठी कुठलंच पत्र उरलं नसतं.

"काच तुम्ही सांभाळा, डॉन लेआंद्रो," कप्तान म्हणाला. "तुमच्या हाताने. घंटा वाजवायची नाही, इंग्रज ऐकेल. संपली की नुसतं सांगा."

लेआंद्रो सुकाणूपाशी गेला. बासिलिओने अंग चोरून त्याला जागा दिली. लाकडी खोबणीतली काच त्याने उलटली आणि उघड्या हाताने धरून उभा राहिला. हात उबदार नव्हता. त्याची त्याने खात्री करून घेतली.

पहिली काच कुणाच्याच लक्षात राहणार नाही अशी गेली. नुसती वाळू पडत होती. खाली वाळूचा डोंगर वाढायचा, कोसळायचा, पुन्हा वाढायचा. फाद्रिके छपराच्या या खांबापासून त्या खांबापर्यंत येरझारा घालत होता आणि प्रत्येक फेरीला काचेकडे बघत होता. डॉन गास्पार डाव्या कठड्याला उभा होता, किनाऱ्याच्या बाजूला, टोपी काढून. माणूस टोपी काढतो तेव्हा त्याला ऐकायचं असतं.

"संपली," लेआंद्रो म्हणाला आणि काच उलटली.

दुसरी काच अर्धी झाली तेव्हा आवाज आला. डावीकडून नाही, पुढून. एक बोथट धक्का, कानाला कमी आणि छातीला जास्त कळणारा. दोरांवरच्या माणसांची डोकी एकदम वर झाली.

"तोफ," फाद्रिके म्हणाला.

"इशाऱ्याची आहे," अमारो म्हणाला. "धुक्यात एकमेकांपासून हरवू नये म्हणून उडवतात."

"कितीवर?"

"धुक्यात सांगता येत नाही, साहेब. सहा मैल. आठ. आणि आपण त्यांच्याकडेच चाललोय."

डॉन गास्पारने टोपी घातली. काचेत अजून बोटभर वाळू होती. त्या वाळूइतका वेळ त्याला आता फार वाटत होता, हे त्याच्या बोटांवरून दिसत होतं. ती कठड्यावर काहीतरी वाजवत होती. पुन्हा तोफ उडाली. यावेळी कुणी 'तोफ' म्हणालं नाही. सारंगाने मागे वळून पाहिलं. एक शब्द आला की झालं, अशा पवित्र्यात दोरांवरची साठ माणसं पुढे झुकून उभी होती.

वाळूची धार बारीक झाली. शेवटचे कण काचेला चिकटल्यासारखे थबकले, मग गेले. वरचं भांडं रिकामं झालं.

लेआंद्रोने तोंड उघडलं आणि मिटलं.

काच तशीच होती. वर काही नाही, खाली सगळं. बासिलिओने डोळ्यांच्या कोपऱ्यातून ते पाहिलं, लेआंद्रोच्या तोंडाकडे पाहिलं आणि नजर पुन्हा समोर नेली. मघाशी थांबलेला फाद्रिके थांबलेलाच राहिला. एक लाट जहाजाखालून गेली. मग दुसरी. मग कुणीही मोजू नयेत इतक्या.

"डॉन लेआंद्रो," कप्तान कठड्यापासून म्हणाला. "वाळू आहे अजून?"

लेआंद्रोने रिकाम्या काचेवर तळहात ठेवला.

"आहे, साहेब."

डॉन गास्पार तिथून चार पावलांवर होता आणि त्याची नजर चांगली होती. त्याने काचेकडे पाहिलं. पश्चिमेला तोफ वाजली, मघापेक्षा गोल आणि भरीव.

"बरं," तो म्हणाला.

अमारोने पाटी टेबलावर पालथी ठेवली आणि खिशातून जपमाळ काढली. त्याचे ओठ हलू लागले. तो फारसा देवभोळा नव्हता. पण घड्याळ नसलेल्या घरांतून आलेल्या माणसांना माहीत असतं, की घाई न करता म्हटली तर एक माळ बारा मिनिटांची होते. मणी एकेक करून सरकत होते. कुणी त्याच्याकडे पाहत नव्हतं आणि प्रत्येकजण ऐकत होता.

माळेचा तिसरा हिस्सा सरला तेव्हा लेआंद्रोने श्वास घेतला. मानेवरून घाम उतरून कॉलरमध्ये गेला होता. त्याने काचेवरचा हात उचलला आणि तो बोलणार, एवढ्यात फाद्रिके येऊन त्याच्या खांद्याशी उभा राहिला आणि वाकून काचेत पाहू लागला. एखाद्याने शेजाऱ्याच्या पानात डोकवावं तसा.

"घाई काय आहे एवढी?" तो म्हणाला. "मला तर अजून दिसतेय."

"कुठे?"

"इथे. तुमची नजर अधू आहे, लुगोवाले. बढती मिळाली की चष्मा घ्या."

लेआंद्रोने हात परत ठेवला. फाद्रिकेने येरझारा घातल्या नाहीत. तो तिथेच, काचेला खेटून उभा राहिला, आणि त्याच्या गालाचा एक स्नायू आपला आपण उडत राहिला. तोफ झाली. सारंगाने पुढून ओरडून विचारलं, साहेब, वळायचं ना?  दोरांवर कुणीतरी मोठ्याने देवाचं नाव घेतलं आणि कुणीतरी त्याला गप्प केलं.

शेवटी फाद्रिके बाजूला झाला. "माझ्यापुरती संपली," तो कुणालाही न उद्देशून म्हणाला.

मग डॉन गास्पार आला. चार पावलं यायला त्याला बराच वेळ लागला. त्याने काच खोबणीतून काढली, डोळ्यांसमोर उभी धरली आणि राखाडी उजेडाकडे करून बारकाईने तपासली. वरचं भांडं इतकं रिकामं होतं की त्यातून त्याचा डोळा पलीकडे मोठा झालेला दिसत होता.

"मानेशी चिकटलीय थोडी," तो म्हणाला.

"दमट हवा, साहेब," बासिलिओ म्हणाला.

"हो. दमट हवा."

त्याने काच कोटात धरली नाही. हात लांब करून, अंगापासून दूर, थंड वाऱ्यात धरली आणि तशीच धरून ठेवली. हात भरून आला तरी खाली घेतला नाही. फक्त अमारोच्या ओठांची पुटपुट आणि मणी. तोफ आता उजवीकडून वाजली, आणि तिच्यामागोमाग दुसरी, वेगळ्या आवाजाची. म्हणजे दोन्ही जहाजं होती.

अमारोने शेवटचा मणी सोडला. माळ मुठीत गोळा करून खिशात टाकली.

डॉन गास्पारने काच लेआंद्रोच्या हातात दिली. लेआंद्रोने ती पाहिली.

"संपली, साहेब."

"वळवा!"

साठ माणसं दोर ओढत एकदम मागे रेलली, शिडं कडाडली, डोलकाठ्या ओरडल्या, आणि 'सांता तेक्ला'ने डावीकडे अंग टाकत दक्षिणेकडे तोंड केलं. टेबलावरची पाटी घसरून फुटली. ती कुणी उचलली नाही.

"नोंदवहीत काय घालू?" अमारोने विचारलं.

"जे झालं ते. दोन काचांनंतर वळलो."

"दोन," अमारो म्हणाला आणि त्याने तसं लिहिलं.

यानंतर सव्वादोन तास काहीही घडलं नाही. इंग्रजांच्या तोफा उजवीकडे राहिल्या, मग मागे पडल्या, मग ऐकू येईनाशा झाल्या. स्वयंपाक्याने चण्यांची आमटी पाठवली. अधिकाऱ्यांनी ती उभ्यानेच खाल्ली. पहारा लेआंद्रोचा होता. काच त्याने स्वतः उलटली, वेळेवर, आणि त्याबद्दल कुणी काही बोललं नाही.

मग वारा जरासा फिरला आणि डावीकडचं धुकं पडद्यासारखं फाटलं.

आधी फेस दिसला. पांढरी, वरखाली होणारी रेघ. तिच्यावर काळा, ओला, घोड्याच्या पाठीसारखा तोरिन्यानाचा खडक. त्याच्या पायथ्याशी लाट चढायची, तिथे थोडा वेळ उभी राहायची आणि कोसळायची. आवाज मागाहून यायचा. दोरांवरची माणसं काम सोडून कठड्याशी आली. त्यांना परत जा म्हणून कुणी हाकललं नाही.

"किती?" डॉन गास्पारने विचारलं.

अमारोने एक डोळा मिटला, अंगठा लांब धरला, पुन्हा धरला.

"दीड मैल."

"चार हवे होते," फाद्रिके म्हणाला.

फाद्रिके थोडा वेळ खडकाकडे बघत राहिला. मग त्याचे ओठ हलू लागले आणि अंगठा बोटांच्या पेरांवरून सरकू लागला: तासाला आठ मैल, एक माळ, बारा मिनिटं, म्हणजे दीड मैलाहून थोडं जास्त... तिसऱ्या बोटावर अंगठा थांबला. त्याने हात खिशात घातला आणि लेआंद्रोकडे न बघता त्याच्या बाजूला येऊन उभा राहिला.

बासिलिओने सुकाणू हळूच एक घर उजवीकडे घेतलं. तसं करायला त्याला कुणी सांगितलं नव्हतं. का घेतलंस, असंही कुणी विचारलं नाही.